शमीमआपांची साधी फाइल

कोणताही नवा प्रोग्रॅम हाती आला की शमीमआपा आधी त्यातून माहिती बाहेर कशी काढायची ते शोधत. गणपतीपुळ्याला निघण्याआधी आपण परतीची शेवटची एसटी विचारून ठेवतो, तसं. अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले, तेव्हा मला हा निव्वळ चक्रमपणा वाटला होता. त्यांचा नवरा कुवेतला, आणि इकडे भाड्याच्या दोन खोल्यांत आपा आणि त्यांची मशिनं.

त्यांचं स्वतःचं सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलीत असे. फोन नंबर, औषधांच्या वेळा, गॅसला नंबर लावल्याची तारीख, कुवेतहून काय मागवायचं ते. एका ओळीत एक गोष्ट, आणि मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत. ना रंग, ना चौकटी. मुलांनाही तेच शिकवत. मुलं कंटाळत, खरं सांगायचं तर मीही.

मग मुंबईचा एक एजंट आला. त्याच्या प्रोग्रॅममध्ये छापील डायरीसारखी पानं उलटत, वाढदिवसाला घंटी वाजे आणि अक्षरं सुबक मराठी. आम्ही तो घेतला असता तर पोरांची रीघ लागली असती. आपांनी तो निवांत पाहिला.

"ब्येस हाय. आता ह्यातलं बाहेर काढायचं कसं?"

"बाहेर कशाला काढायचं, मॅडम? इथंच राहणार ना सगळं!"

"आत शिरायला दार केलंस, बाहेर पडायला नाय. अशा घराला आमी कोठडी बोलतो, बाबा. चाय पी आन् जा."

एजंट चहा प्यायला आणि समोरच्या गल्लीतल्या क्लासात गेला. त्यांनी तो प्रोग्रॅम घेतला, गावातल्या डॉक्टर-लॉजवाल्यांनीही घेतला, आणि पाठोपाठ आमची पोरंही तिकडे गेली. बघता बघता आमची निम्मी मशिनं झाकलेलीच राहू लागली. मी भांडले. म्हटलं, "आपा, क्लास बुडेल. थोडा झगमगाट ठेवला तर काय बिघडतं?"

"माझ्यान् होत नाय गो," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढं एजंटची कंपनीच बंद पडली. नव्या मशिनवर तो प्रोग्रॅम चालेना, आणि फाइली दुसरीकडे उघडाव्यात तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. डॉक्टर, लॉजवाले, समोरच्या क्लासचे मास्तरसुद्धा, सगळे आपांच्या दारात. आपा लोकांच्या जुन्या मशिनवर एकेक पान उघडून बघत आणि शेजारच्या मशिनवर साध्या फाइलीत उतरवून काढत. डोळे लाल, मान आखडलेली. माझा जीव जळे.

"'मी बोलले होते' असं एकदा सांगा तरी त्यांना!"

"सांगून काय गो? त्यांचे नंबर अडकलेत, माझं बोलणं नाय."

काम झालं की ज्याची फ्लॉपी त्याच्या हातात. ती कुठंही उघडे, त्यामुळे आपांची गरज कुणालाच उरत नसे. शेवटी क्लास बंद झाला. मशिनं बांधताना मला राहवलं नाही. "तुम्हीही लोकांना अडकवून ठेवायला हवं होतं, आपा. निदान येत तरी राहिले असते."

आपा दमून खुर्चीत बसल्या होत्या. "अडकलेला येत नाय गो, तो नुसता असतो. ज्याला जाता येतं, तोच परत येतो. येतील बघ."

मशिनांबद्दल आपा कधी चुकल्या नाहीत. माणसांबद्दल चुकल्या, आणि ते मला अजून सोसत नाही. पुढं त्यांची नजर गेली. मी अधूनमधून भेटायला जाई. ओटीवर पाऊल वाजलं की त्या लगबगीनं पदर सावरत आणि विचारत, "कोन? डॉक्टर काय? का समोरचे मास्तर?"

"नाही आपा, मीच," मी म्हणे. त्या वारल्या त्याच्या आदल्या आठवड्यातही मी हेच म्हणाले.