शुक्रवारचे दोनच डबे

कपडे अल्टर करून देणाऱ्या त्या दुकानात तिला सगळे 'अर्धा इंच' म्हणायचे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की टेप गळ्यातच ठेवून ही नुसत्या नजरेने सांगायची, "कमरेत अर्धा इंच." आणि ते अर्धाच इंच निघायचं.

घरचा स्वयंपाकही तिने असाच बेतला होता. रविवारी सकाळी दोन मोठी पातेली चढायची. एकात मसूर, दुसऱ्यात कांदा-टोमॅटोचा रस्सा, त्यात बटाटे, गाजर, मूठमूठ मटार. निवलं की पंधरा डबे भरून फ्रीझरमध्ये. पाच वार, तीन माणसं. प्रत्येक डब्याला चिंधीची पट्टी, पट्टीवर शिवणाच्या खडूने वार. मग आठवडाभर फक्त भात लावायचा आणि डबा गरम करायचा. नवऱ्याची बस डेपोत पहाटेची पाळी, म्हणून तो आणि लेक सातला जेवून घ्यायचे. ही दुकान बंद करून नऊला यायची आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खायची. शनिवार-रविवारीही जो तो आपापल्या वेळेला जेवायचा. बाहेरचं खाणं नाही, उपाशी कोणी नाही, वाया काही नाही. "तुमचं घर म्हणजे घड्याळ आहे बाई!" शेजारीण म्हणायची. तेव्हा हिची मान अर्धा इंच वर व्हायची.

लेकीला दूरच्या गावी प्रयोगशाळेत नोकरी लागली. गुरुवारी रात्री जेवून निघायचं होतं, म्हणून त्या रविवारी शुक्रवारचे दोनच डबे भरले गेले. बुधवारी लेक दुकानात डोकावली.

"आई, ते म्हणाले सोमवारी या. मी आता शनिवारी सकाळी जाते."

हिच्या तोंडात टाचण्या, पुढ्यात कोणाचा तरी कोट.

"हं," ती म्हणाली.

शुक्रवारी मात्र तिने मालकाकडून संध्याकाळ मागून घेतली. लेकीचं घरातलं शेवटचं जेवण, तिघांनी एकत्र बसून करायचं, एवढंच तिच्या मनात होतं. सात वाजता ती घरात शिरली तेव्हा लेक फ्रीझर उघडून उभी होती.

"आई, शुक्रवारचे दोनच आहेत गं."

"नीट बघ. मागे गेला असेल."

"बघितलं." लेकीने फ्रीझरचं दार लावलं. मग हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी अजून गेले नाहीये, आई."

अर्धा इंचबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं, मी आत्ता करते काहीतरी! अंडी आहेत, बटाटा चिरायला कितीसा वेळ…"

"राहू दे. मला फारशी भूक नाहीये."

"भूक नाही म्हणे! दुपारपासून माझं डोकं खातेय," बाप भाताचं पातेलं घेऊन आला. "दोनात तिघं बसवू. आमच्या बसमध्ये रोज काय करतो आम्ही?"

दोन्ही डबे एकाच कढईत ओतले. टेबलावरचा कपड्यांचा ढीग उचलून तिसरी खुर्ची मोकळी केली. किती दिवसांनी तिघं एकत्र बसत होते, हे तिने आठवून पाहिलं. आठवेना.

मग तिला दिसलं. लेक चमच्याच्या टोकाने एकेक मटार बाजूला काढत होती. ताटाच्या कडेला हिरवी रांग लागली. आणि बापाचा चमचा, त्याचं लक्षही नसताना, सरळ पलीकडे गेला, ती रांग उचलली, तोंडात टाकली.

"तू मटार खात नाहीस?"

दोघंही थांबले.

"आवडत नाहीत गं. शाळेत होते तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रविवारी इतकी घाईत असायचीस. आणि बाबा खातातच की."

"मला वाटलं तुला माहीत आहे," नवरा हळूच म्हणाला.

सात-आठ वर्षं. दर रविवारी मूठमूठ मटार. परक्या बायांची कंबर नजरेने ओळखणारी ती, हे ताट तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"आणखी काय नाही आवडत?"

"जाऊ दे ना आई, आता कशाला?"

"सांग गं. मी लिहून ठेवते." तिने सवयीने खिशातून खडू काढला, जवळचा रिकामा डबा ओढला.

"मऊ शिजलेलं गाजर," लेक म्हणाली. "आणि मसुराला जिरं जास्त असलं की…" ती थबकली. "पण तू लिहिणार कुठल्या डब्यावर?"

खडू पट्टीवर टेकलेलाच राहिला. बापाने उगाचच भात वाढला, कोणी मागितला नसताना.