आदी टाकी, मग दवा

बन्सीअण्णा साळवे यांची माझी ओळख भांडणाने झाली, हे मीच सांगितलेले बरे; नाहीतर अण्णा त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभात सांगतील आणि जास्त रंगवून सांगतील. मी तेव्हा बीडला मुलांना डिझेल इंजिन शिकवत होतो. माझी जीप काळा धूर ओकत होती, म्हणून बीडजवळच्या पालीला अण्णांच्या गॅरेजसमोर ती उभी केली. माझ्या हातात इंजिन साफ करणाऱ्या औषधाची बाटली होती. हे डिझेलमध्ये मिसळले की आत साचलेली घाण आपोआप सुटते, असे मी मुलांना शिकवत असे. त्या दिवशी अण्णांनाही शिकवू लागलो.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. मग माझ्या टाकीतले डिझेल काचेच्या बरणीत काढून उन्हात ठेवले. थोड्या वेळाने तळाशी पाणी आणि काळा गाळ दिसू लागला.

"सर, दवा घाण सोडवती, खरं हाय. पर सुटलेली घाण जाणार कुठं? फिल्टरमधी. मग गाडी हाय तिथंच बसती. आदी टाकी, मग दवा."

मला राग आला, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते.

पुढे मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. अण्णा औषधाच्या विरोधात मुळीच नाहीत. टाकी धुऊन, फिल्टर बदलून, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून ते ओततात. एक थेंब जास्त नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी कडा-आष्टीकडचे ट्रॅक्टर त्यासाठी त्यांच्या दारात उभे असतात. एकदा एक टेम्पोवाला हौसेने बाटली घेऊन आला. अण्णांनी इंजिन ऐकले आणि त्याला म्हणाले, "लई झ्याक चाललंय की! चांगल्या पोटाला जुलाब कावून देता? बाटली दुकानात परत करा." असा मेकॅनिक गिऱ्हाईक टिकवणार कसा, अशी मला काळजी वाटे. गिऱ्हाईक मात्र वाढतच गेले.

माझी पत्नी दवाखान्यात होती, तेव्हा अण्णा रोज डबा घेऊन येत. हात तीनदा धुऊन यायचे, तरी डब्याला डिझेलचा वास यायचा. "भाकरी इंजिनावर भाजली का?" असे ती त्यांना चिडवायची. त्या आजारपणातले तिचे पहिले हसू मी त्या डब्यापाशी पाहिले.

आता जे लिहायचे, त्यासाठीच मी अण्णांच्या गौरव अंकातला हा लेख मागून घेतला.

पालीजवळच्या बिंदुसरा धरणावर मासेमारी संस्थेची इंजिनाची बोट होती आणि ती अण्णांच्या देखरेखीखाली असे. एकदा अण्णा लेकीकडे आष्टीला गेले होते. बोट अडखळत चालते, असे माझ्या कानावर आले. आपली विद्या दाखवण्याची हुक्की मला आली. भल्या पहाटे, काठावर कुणी नसताना, मी टाकी न उघडता, न धुता, दुप्पट औषध ओतून आलो. सकाळी बोट झकास निघाली. भर पाण्यात इंजिन बंद पडले. वारा सुटलेला. दोघे मच्छीमार फळीने वल्हवत दुपारी कसेबसे काठाला लागले. जीव वाचले, जाळी गेली.

अण्णा परत आले. त्यांनी गच्च भरलेला फिल्टर पाहिला, बोटीतल्या फळीखाली माझ्या नेहमीच्या औषधाची रिकामी बाटली पाहिली. संस्थेच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिन माज्या हवाली हाय. चूक माजी." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझे तोंड उघडले नाही. बोटीचे काम अण्णांच्या हातून गेले आणि 'अण्णांनी बोट घालवली' हे वाक्य गावात राहिले.

नंतर मी त्यांना विचारले, असे का केले? ते म्हणाले, "माजं एक काम गेलं, सर. तुमचं नाव निघालं असतं, तर पोरांनी तुमचं ऐकायचंच सोडलं असतं. तुमी चांगलं शिकविता." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक वर्गाचा पहिला तास बरणीचा असे. माझे विद्यार्थी आज जिल्हाभर आहेत आणि बाटलीच्या आधी बरणी मागतात. त्यांचे खरे गुरू कोण, हे त्यांना आज कळेल.

हा लेख देण्याआधी मी संस्थेच्या बैठकीत जाऊन सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या दोघा मच्छीमारांनी बोटीची किल्ली अण्णांच्या हातात आणून दिली. अण्णा माझ्यावर उखडले. "इतक्या वर्सांनी कावून सांगितलं?"

मी म्हणालो, "आदी टाकी, अण्णा."

ते बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

अण्णा, आपण पंच्याहत्तर वर्षांचे झालात. आपली नजर बरणीचा तळ पाहण्याइतकी लख्ख राहो, गुडघे बोटीत चढू देवोत, आणि शंभरी आपण धरणाच्या पाण्यावर, चालत्या इंजिनाशेजारी साजरी करावी. समारंभाला विहाराच्या सभागृहात सगळी पाली जमेल. बोटीची गोष्ट तिथे मी पुन्हा सांगणार आहे, मोठ्याने. या वेळी मी तिसऱ्या रांगेत गप्प बसणार नाही.