हौसाआत्याच्या अंगणातलं चहापान

हौसाआत्या गेली त्या दिवशी मी तळेगावच्या शाळेत चौथीच्या मुलींना नकाशा शिकवत होते. दारात आत्याच्या चाळीतला यशवंत दिसला. अंगावर रेल्वेच्या गार्डाचे पांढरे कपडे आणि टोपी हातात. हा माणूस जेवतानासुद्धा टोपी काढत नाही, त्यामुळे ती हातात पाहिली आणि मला कळायचं ते कळलं. "आत्या गेली, शेवंता," तो म्हणाला. "सकाळी चहा मागितला. आमच्या हिनं करून नेला, तवर..." मी त्याला बाकावर बसवलं आणि फळ्याकडे वळून राहिलेला सह्याद्री पुरा केला. मुलींना वाटलं असेल, काय बाई दगडाच्या काळजाची आहे ही! पण हातातलं काम अर्धं टाकून रडत बसायचं मला आत्यानं शिकवलंच नव्हतं. घंटा झाली, मुली गेल्या, आणि मग मात्र खडूनं भरलेल्या हातांनीच तोंड झाकून मी पोटभर रडून घेतलं.

ही माझी सख्खी आत्या, आबांची थोरली बहीण. आम्ही कुरवंड्याचे, भातशेती आणि दोन म्हशींवर जगणारे. आत्याचं लग्न लोणावळ्याला झालेलं. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर फायरमन होते. स्टेशनामागच्या रेल्वेवाल्यांच्या चाळीत त्यांची खोली होती, आणि त्या खोलीत सगळ्यात मानाची जागा आत्याच्या शिलाई मशीनला होती. खंडाळ्याच्या बंगल्यांतल्या साहेबांची आणि शेठजींची शिवणं ती घरी आणायची. पोटी मूलबाळ नाही, म्हणून कुणी कीव केली की ताडकन म्हणायची, "मला कामं हायेत, बाई. तुमाला नसली तर सांगा, दोन कापडं देते काज करायला."

मी सातआठ वर्षांची असताना मला देवी आल्या. जगले, पण तोंडावर एवढे वण राहिले, की पहिल्यांदा हंड्याच्या पाण्यात पाहिलं तेव्हा मला वाटलं पाणीच हलतंय. हात लावून पाहिलं, पाणी शांत होतं... त्या दिवसापासून मी घराबाहेर पडले नाही. दारात कुणी आलं की कणगीमागे जाऊन बसायचे. आई पदरानं माझं तोंड झाकायची आणि रडायची, आणि तिच्या रडण्यानं मला अधिकच लाज वाटायची. हे आत्याच्या कानावर गेलं आणि ती तडक घाटरस्त्यानं चालत कुरवंड्याला आली. आबा म्हणाले, "हौसे, पोरगी दडून बसती. मानसं नावं ठिवत्यात. तुज्या चाळीत तर येनारा-जानारा लय. कशापायी तिचे हाल करतीस?"

"आन् हितं कणगीआड ठिवून काय तिचं लोणचं घालनार हायंस? मी तिला साळंत घालनार."

आबा तसे गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी तेही अडून बसले. "शिमग्यापातुर ने. साळंत गेली तर गेली. न्हाई गेली, तर मी येऊन घिऊन जानार, आन् मग पुन्यांदा हा इषय काडायचा न्हाई." आत्यानं कबूल केलं. कबूल केलेलं मोडणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि हार मानणंही नव्हतं, म्हणजे पेच तिथंच पडला होता.

लोणावळ्याला येऊन मी काय केलं, तर कणगीच्या जागी मशीनचं टेबल धरलं. टेबलावरून कापड खाली लोंबत असायचं, त्याच्याआड दिवसभर बसून राहायचे. आत्यानं कधी ओढून बाहेर काढलं नाही. पायडल मारता मारता वरून बोलत राहायची, जसं काही टेबलाखाली भाची असणं हे घरोघरचंच आहे! थंडी सरत आली तरी मी शाळेचं नाव काढेना. अशात एकदा ती एका बंगल्यातल्या पोरांसाठी झगमगीत कपडे शिवत होती. "शेवंते, ह्या बंगल्यातली पोरं राजा हुत्यात, परी हुत्यात, आन् मग समदी मिळून चहा पित्यात. हौस बग एकेकाची! कागदाची तोंडंबी लावत्यात."

मी टेबलाखालून विचारलं, "मग कोण कुठला ते ओळखू येत नाही?"

मशीन थांबलं. इतक्या दिवसांत मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आत्या जराशानं म्हणाली, "न्हाई येत वळकू." पुन्हा पायडल सुरू झालं, पण त्या दिवशी तिनं एक बाही उलटी लावली आणि उसवली, म्हणजे डोक्यात काहीतरी शिजत होतं खास.

संध्याकाळी तिनं चाळीत जाहीर केलं, की शिमग्याच्या दिवसांत आपल्या अंगणात पोरांचं चहापान होणार, सगळ्यांनी सोंग घेऊन आणि मुखवटे लावून यायचं. झालं! चाळीतल्या बाया उठल्याच. शिमग्याचं सोंग पोरांनी घ्यायचं, पोरींनी कधी घेतलंय? आणि पोरांना चहा? यशवंताची आई तर कमरेवर हात ठेवून आली. "अवो हौसाबाई, चहानं पोरांची काळजं करपत्यात!"

"तुमचे मालक उठल्यापासनं चहाच पित्यात. करपलं का त्यांचं?"

"तरी पर पोरींनी सोंग..."

"सोंग कुटं? हे चहापान हाय. खंडाळ्याला सायबाच्या पोरी करत्यात, तवा तुमी कवतिक करता. आपल्या पोरींनी काय घोडं मारलंय?" साहेबाचं नाव निघालं की चाळीत वाद थांबायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या नावाचा तिनं त्या महिन्यात इतका वापर केला, की मामा म्हणायचे, ह्या साहेबाला आता पगार द्यायला हवा.

मग काय, हट्टाला पेटलीच ती. दिवसा बंगल्यांची शिवणं आणि उरलेल्या वेळात चहापान. घराघरांतून कपबशा मागून आणल्या. एकीचा कान तुटका, दुसरीला चीर, पण सगळ्या चिंचेनं घासल्यासारख्या लख्ख धुऊन ठेवल्या. बंगल्यात केक असतो म्हणे, आमच्याकडे गूळदाणी ठरली. शेंगदाणे सोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते टेबलाखाली बसूनही होतं. चिंध्यांतून राजाचा अंगरखा निघाला, जुन्या गोणपाटातून अस्वल निघालं. मुखवट्यांसाठी तिनं मडकी पालथी घातली आणि त्यांच्या बुडावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीनं थरावर थर चिकटवले. मला मोर व्हायचं होतं. आत्या म्हणाली, "मोर नगं. चोच कपात बुडंल. तू वाघ हो." हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. ते मला फार उशिरा आठवलं.

आबा रोज सकाळी दुधाची बरणी घेऊन लोणावळ्याला यायचे आणि जाताना आत्याकडे डोकावायचे. शिमगा अगदी तोंडावर आला होता. माळ्यावर मुखवटे वाळत होते, अजून रंगवायचे राहिले होते. आबांनी ते पाहिले आणि उंबऱ्यातच बसले. मी टेबलाखाली होते, त्यांना दिसत नव्हते. ते म्हणाले, "हौसे, एक दीस ह्या कागदाआड खेळंल पोरगी. खेळू दे. पर दुसऱ्या दिशी काय? साळंतबी त्येच लावून जानार हाय का?"

आबा गेले. आत्यानं हातातली शिवण पुरी केली. आबा म्हणाले ते खरं होतं, आणि मला कुरवंड्याला परत जायचं नव्हतं. कणगीमागे जायचं नव्हतं आणि शाळेतही जायचं धाडस नव्हतं. काय करावं बाई माणसानं! शेवटी आत्या उठली आणि तिनं पुन्हा चुलीवर खळ शिजवायला ठेवली. मी विचारलं, "मुखवटे झाले होते ना?"

"बळकट करते," ती म्हणाली.

चहापानाच्या दिवशी अंगणात सतरंजी अंथरली. मी वाघ होऊन बाहेर पडले... कितीतरी महिन्यांनी अंगाला ऊन लागलं. हळदीचा पिवळा रंग, काजळाचे पट्टे, डोळ्यांना भोकं, आणि लाल रंगानं काढलेला भलामोठा जबडा. मी डरकाळी फोडली आणि अस्वल झालेला पोरगा खरंच घाबरला. मी धावले, पडले, पुन्हा धावले. मामांची टोपी घालून यशवंत साहेब झाला होता आणि सगळ्यांना शिस्तीत बसवायला बघत होता, त्याला मी दोनदा आडवा केला. कुणी विचारलं नाही, ही कोण. किती सुख होतं ते, सांगता येत नाही मला.

मग किटली आली. आलं घातलेल्या, गुळाच्या चहाचा वास अंगणभर पसरला. आमच्यापैकी बहुतेकांनी चहा कधी चाखलेलाच नव्हता. आत्यानं बशा भरल्या. सगळ्यांनी एकदमच उचलल्या, आणि सगळ्यांच्या बशा एकदमच कागदावर आपटल्या. मुखवट्यांना तोंडं काढलेली होती, पण ती नुसती रंगवलेली! एकालाही भोक नव्हतं. "अगं बाई!" आत्यानं कपाळावर हात मारला. "तोंडं ठिवायची इसरलेच की मी!" बाया हसून हसून बेजार झाल्या. एवढी टापटिपीची हौसाबाई, आणि चुकली कशात तर ह्यात! साहेबानं मुखवटा उतरवला, मग राजानं, मग अस्वलानं. भुरके ऐकू यायला लागले.

मी एकटीच वाघ राहिले. त्याच वेळी आबा दुधाची रिकामी बरणी न्यायला आले होते आणि दाराशी उभे होते. मला भोकांतून ते दिसले. आत्या मदतीला येईल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती आली, माझी बशी पुन्हा काठोकाठ भरली, आणि पुढच्या पोराकडे निघून गेली. माझा असा राग आला तिचा! चहा निवत चालला. वर साय धरली. शेजारी बसलेला यशवंत म्हणाला, "तुला नगं आसंल तर मी पितो." आणि त्यानं खरंच हात पुढे केला.

माझा चहा? मी मुखवटा ओढून काढला, बाजूला टाकला आणि बशी दोन्ही हातांनी तोंडाला लावली. गोड होता, कडू होता, जिभेला चटका बसला, आणि मला तो भयंकर आवडला. बशी खाली ठेवली तेव्हा लक्षात आलं, आपलं तोंड उघडं आहे. मी मान वर केली. यशवंत माझ्याकडे टक लावून बघत होता. म्हणाला, "समदी साय खाल्लीस व्हय?" त्याची धाकटी बहीण जवळ सरकली, माझ्या गालावर बोट ठेवून तिनं विचारलं, "दुकतं का गं?" मी म्हटलं, "न्हाई." "मग गूळदाणी घे की," ती म्हणाली.

आबा बरणी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लोटी दूध वेगळं आणलं आणि आत्यापुढे ठेवलं. "पोरीच्या चहाला," एवढंच म्हणाले. शिमगा उलटला आणि आत्यानं माझा हात धरून मला शाळेत नेलं. तिथं कुणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही. पोरं हसली, नावं ठेवली, काही वर्षं ठेवत राहिली. पण पायरीवर आत्यानं जे सांगितलं ते मी धरून बसले. "बगनाऱ्याला बगू दे. तू फळ्याकडं बग." मी फळ्याकडे बघितलं. अजून बघते, पोट त्यावरच चालतं माझं.

मोठेपणी मी तिला अनेकदा छेडलं. "आत्या, खरं सांग, तू मुद्दाम केलंस ना?" दर वेळी उत्तर एकच. "इसरले गं. मानूस इसरत न्हाई व्हय?" गेल्या उन्हाळ्यात शेवटची भेटले तेव्हाही विचारलं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती पार वाळली होती, पण मशीनपाशीच बसलेली. डोळे मिचकावून म्हणाली, "चहा टाक आदी. लय चवकश्या करतीस."

दिवसकार्य झाल्यावर तिची खोली आवरायला मी आणि यशवंत गेलो. मशीनवर कापड तसंच लोंबत होतं. वरच्या खिळ्याला माझा वाघ होता, हळद उडून फिका पडलेला. इतकी वर्षं तो तिथं टांगलेला, समोरूनच पाहिलेला. मी तो उतरवला. लोणावळ्याचा पावसाळा सरला होता, पण खोलीतली ओल गेली नव्हती, आणि त्या ओलीनं आतल्या कागदाची एक पट्टी सुटून लोंबत होती. पट्टीमागे तोंड होतं. कात्रीनं नीट कापलेलं, कडा शिंपिणीच्या सफाईनं आत दुमडलेल्या, बशी सहज लागेल एवढं रुंद. तिनं तोंडं कापली होती, सगळ्यांची कापली असणार. मोराची चोच कपात बुडेल असं ती म्हणाली होती, ते तेव्हा आठवलं; मुखवटे न काढताच आम्ही चहा प्यायचा होता. आणि आबा उंबऱ्यात ते बोलून गेल्यावर, मी टेबलाखाली बसलेली असताना, एकेक करून बुजवली होती. मी यशवंताला दाखवलं. त्यानं टोपी काढली आणि बराच वेळ घातली नाही.

मुखवटा आता माझ्याकडे आहे. पट्टी मी पुन्हा चिकटवलेली नाही. माझ्या वर्गात यंदा एक मुलगी आली आहे, शेवटच्या बाकावर बसते, तोंडावर पदर ओढून, आणि घंटा झाली की सगळ्यांच्या आधी निघून जाते. येत्या शिमग्याला शाळेच्या अंगणात चहापान आहे. काही मुलींच्या आया कुरकुरायला लागल्या आहेत, कुरकुरू देत. कपबशा मागून आणेन, गूळदाणी करेन, मुखवटे मडक्यांवर मीच बसवेन. आणि त्यांना तोंडं ठेवायची मी विसरणार आहे.