बत्ती विझली की पंचवीस मोजा

देवस्थळी साहेबांनी टॉर्च थेट माझ्या डोळ्यांवर मारला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"काहीच नाही, साहेब."

"म्हणजे पॉवर आहे."

कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर तीन टॉर्च उभे होते, वधूवर मेळाव्यातल्या मुलांसारखे. प्रत्येकासमोर त्याचा खोका आणि खोक्यावर त्याची स्तुती. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. देवस्थळी साहेब वर्क्स मॅनेजर, म्हणजे कारखान्यात त्यांच्यावर फक्त छप्पर. आमची एक जुनी लोखंडी पाण्याची टाकी बरीच वर्षं बंद पडून होती. ती आतून खरवडून रंगवायची होती, म्हणून नवे टॉर्च हवे होते. जुने दोन सेलवाले केविलवाणा पिवळा उजेड पाडायचे, आणि सेल संपले की स्टोअरला मागणीचा कागद, त्यावर सही, मग 'उद्या या'. साहेबांचं फर्मान होतं: मुठीत मावणारा, खच्चून उजेडाचा आणि चार्जिंग आतच असलेला.

तसे टॉर्च मिळतात. छोट्या डबीएवढ्या अंगात तीन-चार सेल शेजारी शेजारी बसवलेले असतात. मोबाईलच्या वायरने चार्ज होतात. अडचण एकच. एवढ्याशा अंगातून एवढा उजेड काढला की अंग तापतं. ताप किती चढू द्यायचा आणि चढल्यावर काय करायचं, ते आतलं सर्किट ठरवतं.

मी तिन्ही टॉर्च लावून टेबलावर ठेवले आणि चहा मागवला. साहेबांना वाटलं, मी टाइमपास करतोय. चहा संपेपर्यंत मधल्याने उजेड हळूहळू निम्म्यावर आणला. कडेचा एक मुळातच मंद, तो तसाच मंद राहिला. साहेबांचा लाडका मात्र चटका बसेल इतका तापला आणि एका क्षणी फट्कन विझला.

"साहेब, हा तापला की सरळ बंद पडतो. मधला घेऊ. उजेड कमी आहे, पण सांगून कमी होतो."

"बंद पडतो ते कशासाठी? सेफ्टीसाठीच ना? दिवसभर सेफ्टी सेफ्टी तुम्हीच करता."

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं, आणि चांगल्या वाक्याला मी नेहमीच दाद देतो. तुलनेच्या तक्त्यावर 'सर्वांत जास्त उजेड' या रकान्यापुढे टिक झाली. खाली सेफ्टी ऑफिसरची सही लागते. मी केली.

टाकीचं काम लडक्या वरठाच्या टोळीकडे होतं. सफाळ्याच्या आतल्या पाड्यातली माणसं, पावसाळ्यात भात लावणारी आणि एरवी आमच्या टाक्या खरवडणारी. त्यांची एक रीत होती. आत उतरणाऱ्याच्या कमरेची दोरी घरच्याच माणसाच्या हातात. लडक्या आत जायचा आणि वर मॅनहोलशी, म्हणजे टाकीच्या तोंडाशी, त्याच्या बायकोचा भाऊ सुदाम दोरी धरून बसायचा. दुसऱ्याच्या हातात दोरी दिली, तर लडक्या उतरायचाच नाही. एकदा मी कारण विचारलं होतं.

"साहेब, बाहेरचा मानूस घड्याल बघतं. मेवना बहिनीचं तोंड बघतं."

टाकीत मध्ये उभा पत्रा होता. त्याच्या पलीकडे गेलेला माणूस वरून दिसत नसे. हवा आत सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज टाकीत असा घुमायचा की आतली हाकही वर ऐकू येत नसे. वरून दिसायचा तो फक्त पलीकडच्या भिंतीवर हलणारा उजेड. म्हणून खूण ठरलेली होती: बत्ती विझली की ओढ. आतल्याला गरगरलं, धाप लागली, तर त्याने बटण दाबायचं, बस.

खूण मला माहीत होती. ती जुन्या टॉर्चमुळेच चालत होती, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जुने सेल हळूहळू मरायचे. उजेड आधी पिवळा, मग तांबूस, मग नाहीसा. एकदम अंधार झाला, तर तो माणसाच्या बोटानेच झालेला असायचा.

नवा टॉर्च आत गेला आणि पहिल्याच दिवशी फट्कन विझला. सुदामने जीव खाऊन दोरी ओढली. गंजाने लालबुंद झालेला लडक्या, एका हातात खरवडणी घेऊन, जाळ्यातल्या माशासारखा तोंडाशी आला.

"काय झालं रं?"

"बत्ती विझली, दाजी."

"मी नाय इजवली. तीच इजली."

दुपारच्या जेवणापर्यंत हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी लडक्याने मेहुण्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. बघायला जमलेली माणसं पोट धरून हसत होती, आणि खोटं कशाला बोलू, सर्वांत पुढे मी होतो. टॉर्चला कमी उजेडाचाही मोड होता. पण बटण एकच, हातात रबरी हातमोजे, आणि प्रत्येक वेळी तो सुरू व्हायचा तो पूर्ण ताकदीवर.

देवस्थळी साहेब येऊन बघून गेले. "हे काम चाललंय की विहिरीतून पाणी काढताय? सांगा त्यांना, विझला तर थोडं थांबा. गार झाला की बटण दाबल्यावर लागतो."

"साहेब, ती त्यांची खूण आहे."

"मग खूण बदला. टॉर्च बदलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टूलबॉक्स टॉक दिला. काम सुरू होण्याआधी जागेवर उभं राहून पाच मिनिटं सुरक्षेचं बोलायचं, त्याला आमच्यात हे नाव आहे. माझे टूलबॉक्स टॉक कारखान्यात प्रसिद्ध होते. दुसऱ्या खात्याची माणसं ऐकायला यायची. त्या दिवशी मी टॉर्चची नक्कल केली. डोळे फिरवले, मान टाकली, खांबाला टेकून पडलो. "नवीन बत्तीला फिट येते. कांदा हुंगवू नका, चप्पल हुंगवू नका. पंचवीसपर्यंत मोजा, ती उठून बसेल. नाही उठली, तरच ओढा." टाळ्या पडल्या. सुदामही हसला. मी त्याला सगळ्यांसमोर मोजून दाखवायला लावलं. त्याने मोजलं, एकही आकडा न चुकता.

टाकीतल्या हवेत ऑक्सिजन किती ते दाखवणारा मीटर आमच्याकडे एकच होता. तो तोंडाशी लटकत होता आणि तोंडाशी सगळं ठीक होतं. पत्र्यापलीकडे नव्हतं. बंद टाकीतला गंज हवेतला ऑक्सिजन खातो. त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही. ब्लोअरचा पाइप पत्र्याच्या अलीकडेच राहिला होता.

अकराच्या सुमारास बत्ती विझली. मी तेव्हा टाकीपासून वीस पावलांवर परमिटच्या, म्हणजे टाकीत उतरण्याच्या परवानगीच्या, कागदावर वेळ लिहीत होतो. सुदामचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. तो मोठ्याने मोजत होता, मी शिकवलं तसं, सावकाश. अठराला त्याचा आवाज कापला. तरी तो थांबला नाही. पंचवीस म्हणाला आणि त्याने दोरी ओढली. दोरी जड लागली. ती पत्र्याच्या कडेला अडकली. मी आणि टोळीतला एक जण धावलो, तिघांनी मिळून ओढली.

लडक्या जगला. बोईसरच्या हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं. त्याचा उजवा हात थरथरत होता, तो अजून थांबलेला नाही. बोलता बोलता त्याला पुढचा शब्द सापडत नव्हता. एवढं मात्र त्याने नीट सांगितलं, "साहेब, मी बत्ती इजवली हुती. हातानं. मंग सुदाम आला नाय."

चौकशी झाली. रिपोर्ट मी लिहिला. त्यात टॉर्च होता, मीटर होता, पंचवीस होते, आणि ते पंचवीस कोणी शिकवले तेही होतं. देवस्थळी साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"नाटक छान लिहिता. आता रिपोर्ट लिहा. टूलबॉक्स टॉकचं लेखी काय आहे?"

लेखी होती हजेरी, आणि विषयाच्या रकान्यात 'हेल्मेट व हातमोजे'. रोज तेच लिहायचो.

"म्हणजे पंचवीसचा पुरावा नाही. टॉर्च तुमच्या सहीने घेतलाय. मीटर कुठे लावायचा, ते तुमचं काम. बघा, काय लिहायचं ते."

मी बघितलं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये एकच कारण होतं: खूण मिळूनही दोरीवरच्या माणसाने वेळेत कारवाई केली नाही. माझी नोकरी राहिली. सुदामचा गेटपास रद्द झाला.

महिन्याभराने मी लडक्याच्या पाड्यावर गेलो. तो ओट्यावर बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होता. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. भावाला ती आता दारात उभं करत नाही, असं कळलं. कंपनीच्या कागदाची झेरॉक्स कोणीतरी तिला वाचून दाखवली होती. मी तिला सगळं सांगितलं. मोजायला मीच सांगितलं होतं, सुदामने फक्त ऐकलं, हेही सांगितलं. या वेळी नक्कल केली नाही.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. "मंग तुमी तसं कागदावर लिवा ना, साहेब."

मी पाणी संपवलं आणि निघालो.

आता खरेदीच्या अटींत मी एक ओळ घातली आहे: टॉर्च तापल्यावर उजेड टप्प्याटप्प्याने कमी व्हावा, एकदम बंद पडू नये. देवस्थळी साहेबांनी ती विनातक्रार मंजूर केली. कोणी टॉर्च घेताना सल्ला विचारला, तर मीही तेच सांगतो. किती उजेड पडतो ते दुकानदार दाखवेलच. विझतो कसा, ते तुम्ही विचारा.

ती ओळ कागदावर आहे, माझ्या सहीने. सुदामने फक्त ऐकलं, ही ओळ अजून कुठल्याच कागदावर नाही.