पिशवीतला हात

दुपारचं जेवण झाल्यावर विमलाबाई डाव्या कुशीवर कलंडतात. स्वयंपाकघरात सून अनघा भांडी लावतेय. एकेक भांडं फळीवर बसतं, तसा आवाज दूर दूर जातो. पातेलं. ताट. वाटी. वाटीनंतर जे वाजतं, ती शाळेची घंटा असते.

वर्ध्याकडच्या त्या एका खोलीच्या शाळेत बाई उभ्या आहेत. साठ वर्षांपूर्वी साताऱ्याहून पहिल्या नेमणुकीवर त्या इथे आल्या होत्या. टेबलावर त्यांची जाड कापडाची पिशवी आहे, तोंडाला नाडी ओवलेली. नवे शब्द शिकवायची ही त्यांची स्वतःची युक्ती. पिशवीत एक वस्तू ठेवायची. मुलानं न बघता हात घालून चाचपायची, नाव सांगायचं, मग त्या नावाचं वाक्य करायचं. नाव सांगितल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही, हा नेम.

आज पिशवीत हात आहे तो बाईंचा. नाडी मनगटावर घट्ट बसलीय. आणि पिशवी धरून उभी आहे देवका.

देवका दुसरीतली. त्याच वर्षी श्रावणात तापानं गेली. अंगात तोच पोपटी झगा, गळ्याचं बटण तुटलेला.

"सांगा बाई," ती म्हणते. "काय हाय?"

बाई चाचपतात. खरखरीत, मधे आवळलेलं, हलवलं की आत खुळखुळणारं. सोपं तर आहे.

"शेंग."

"दुसरं सांगा."

"भुईमुगाची शेंग."

"हे त पुस्तकातलं झालं."

बाई हात ओढतात. नाडी आणखी रुतते.

"देवका, सोड बाळा. मला जायचंय."

"मले बी जायचं होतं."

खरंच आहे ते. त्या दिवशी देवकानं हात घालून चटकन घरचा शब्द सांगितला होता. वर्ग हसला. बाईही हसल्या, कारण तो शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. "बरोबर शब्द आठवेपर्यंत राहा उभी," असं म्हणून त्या मधल्या सुट्टीत सरपंचांकडे चहाला गेल्या. परतल्या तेव्हा पोरगी तशीच उभी होती. भाकरीचं फडकं सोडलेलं नाही, हात पिशवीत. त्यानंतर ती रोज शाळेत आली, पण बाईंनी काही विचारलं की खाली बघायची.

पुढे शिक्षकांच्या शिबिरांत बाई हिरिरीनं सांगायच्या: मुलाचा घरचा शब्द आधी विचारा, तो फळ्यावर लिहा, त्याच्या शेजारी पुस्तकातला लिहा. कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, अनुभवानं. देवकाचं नाव कधी ओठांवर आलं नाही. आणि तो शब्द तर पारच पुसला गेला. हसणं तेवढं आठवत राहिलं.

"तुझ्या घरी काय म्हणतात, सांग ना पोरी."

"म्या त तवाच सांगतलं."

फळा होता तिथे आता बाजार भरलाय. देवकाची आई गोणपाटावर ढीग मांडून बसलीय, गिऱ्हाइकांना हाका मारतेय. तिचं तोंड हलतं, पण शब्द पोचत नाही, मधे पोरांचं हसणं येतं. बाई दाराकडे वळतात. दार साताऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडतं. तिथे फळीवर भांड्यांच्या जागी पोरं बसलीत, हसताहेत. पलीकडचं दार ढकललं तर पुन्हा तोच वर्ग. पिशवी हाताबरोबरच येते. बोटं बधिर होत चाललीत.

"वर्ग तुमचाच हाय, बाई," देवका म्हणते. "तुमी त बोला काही."

बाई बाकांकडे बघतात. शेवटच्या बाकावर वीस वर्षांची एक मुलगी बसलीय, नव्या कोऱ्या सुती साडीत, तोंडावर पदर धरून हसतेय. ती म्हणजे बाई स्वतःच.

"हसू नका," बाई म्हणतात. आवाज चढवत नाहीत. "ती काय सांगतेय ते ऐका."

पोरं एकेक करून गप्प होतात. शेवटी ती पदरवालीही. मग बाजारातून देवकाच्या आईची हाक स्वच्छ येते.

"फल्ली घ्या, फल्ली. ताजी फल्ली."

"फल्ली," बाई म्हणतात.

नाडी सैल पडते. देवका रिकामी पिशवी झटकते, तिची नीट घडी घालते आणि बाईंसारखीच भुवई उंचावते.

"आता वाक्य."

"आई, चार वाजले. चहा टाकू का?"

अनघा पलंगापाशी उभी आहे. बाईंचा उजवा हात उशीखाली अडकलाय. ती तो अलगद काढते आणि उजेडात धरते. मनगटाभोवती लाल वळ आहे, पीळ दिलेल्या दोरीचा, गोल.

"हे काय हो? बांगड्या तर तुम्ही घालत नाही."

बाई वळावरून बोट फिरवतात.

"देवकानं फल्लीला फल्ली म्हटलं," त्या म्हणतात, "आणि ते बरोबर होतं."

"कोण देवका?"

"चहा राहू दे जरा. बस इथे," बाई म्हणतात. वळ अजून तसाच आहे.