दोन बोल्टांचा ब्लॉक

"चार बोल्टवालं इंजिन म्हणजे भारीच," असं कुणी म्हटलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एकोणीसशे पन्नासच्या पुढचीच सालं ती. दाभोळच्या खाडीत माणसं लाँचनं ये-जा करायची आणि मी अशाच एका लाँचचा मिस्त्री होतो. मालक बंदरावरचाच व्यापारी. लाँच चालवायचा माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात लाँच बंद. इंजिन उतरवायचं, मांडवाखाली उलटं करून उघडायचं, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा चढवायचं, हा आमचा शिरस्ता. उघड्या इंजिनाभोवती गावातले रिकामटेकडे जमायचे आणि मला अक्कल शिकवायचे. त्या वर्षी त्यांच्यातल्याच एकानं बातमी आणली, की पलीकडच्या काठावरच्या लाँचला चार बोल्टचं इंजिन आलंय, आपलं दोनचंच.

झालं. मालकाच्या डोक्यात ते घुसलं ते घुसलंच. आपल्याही इंजिनाला चार बोल्ट करून दे, म्हणाला.

इंजिनाच्या पोटात क्रँक, म्हणजे सगळा जोर पेलणारा जाड दांडा, फिरतो. त्याला जागेवर धरून ठेवायला लोखंडी टोप्या असतात. आमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडात, प्रत्येक टोपी दोन बोल्टांनी आवळलेली होती, आणि त्या दोन बोल्टांनी वर्षानुवर्षं एक शब्द तक्रार केली नव्हती.

"दोन पायांच्या खुर्चीवर बसशील काय रे तू?" मालक म्हणाला.

"माणूस दोनच पायांवर चालतो ना, शेट."

बघे हसले. मालक नाही हसला. मग मी त्याला नीट समजावलं. चार बोल्टचा ब्लॉक कारखान्यातच तसा ओततात. बोल्ट जिथे रुततात तिथली भिंत जाड ठेवतात. आपली भिंत पातळ आहे. तिच्यात आणखी दोन-दोन भोकं पाडली तर बळ वाढणार नाही, होतं ते जाईल. फळीच्या कडेला खिळे ठोकत सुटलं तर फळी फाटते, यात न कळण्यासारखं काय आहे, मेल्या? हे शेवटचं मी मनात म्हटलं.

"तुला जमत नसेल तर सांग," तो म्हणाला. "खेडचा मिस्त्री बोलावतो."

जमत नसेल! सगळ्यांच्या देखत! जिव्हारी लागलं ते माझ्या. चिपळूणहून नव्या रुंद टोप्या करून आणल्या आणि भोकं मी पाडली. अशी सरळ पाडली की त्या खेडवाल्या मिस्त्रीच्या बापाला जमली नसती. मालकानं नारळी पौर्णिमेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चार-चार बोल्ट हौसेनं दाखवले.

लाँच पाण्यात घालायच्या दिवशी मेहुण्यानं मला बाजूला घेतलं. "भावोजी, निर्धास्त जाऊ ना?"

"जा," मी म्हणालो.

दिवाळीच्या आधी एका दुपारी, भर ओहोटीत, खाडीच्या मुखाजवळ इंजिन मोडलं. लाँच समुद्राकडे ओढली जाऊ लागली. आत मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, लेकरं होती. मेहुण्यानं नांगर टाकला. तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा धरला. होड्या गेल्या आणि सगळी माणसं सुखरूप धक्क्याला आली.

आणि धक्क्यावर उभा राहून तो मालक तोंड वर करून काय म्हणाला? "मिस्त्रीनं बोल्ट ढिले ठेवले."

लाँच ओढून आणल्यावर त्याच बघ्यांसमोर इंजिन उघडलं. ब्लॉकची भिंत माझ्या भोकांच्या रांगेत उभी चिरली होती. पान्याला लांब नळी लावून दोन माणसं लोंबकळली तेव्हा कुठे पहिला बोल्ट हलला. "हे ढिले काय?" मी मालकाला विचारलं. त्यानं मान फिरवली. बघ्यांनीही फिरवली. मी जिंकलो होतो.

मेहुणा बोल्टांकडे बघतच नव्हता. तो चिरेवरून बोट फिरवत होता.

"हे असं होणार, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी मालकाला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"मला नाय सांगितलंत," तो म्हणाला.

पुढे त्यानं दुसऱ्या लाँचवर काम धरलं. सणावाराला घरी यायचा, जेवायचा, भावोजी म्हणायचा. पण मी हात लावलेल्या इंजिनावर तो पुन्हा कधी चढला नाही. मालकावरचा माझा राग अजून तसाच आहे, पण त्या दिवशी "जा" म्हणालो होतो तो मी.