अण्णाची गोळी आणि माझं रसायनशास्त्र

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातूरला त्याचं कापडाचं दुकान आहे. चाळीस वर्षं गादीवर मांडी घालून बसल्यानं त्याचे गुडघे आता कुरकुरतात. डॉक्टरांनी त्याला सूज आणि दुखणं कमी करणारी गोळी दिली, आणि जळजळ झाली तर घ्यायला गुलाबी पातळ औषधाची बाटली. कसं घ्यायचं तेही त्यांनी सांगितलं. पण अण्णाचं सगळं लक्ष त्यांच्या शर्टाच्या कापडाकडे होतं.

म्हणून घरी आल्यावर त्यानं मला नांदेडला फोन लावला. मी इथं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे घरचे मला अर्धी डॉक्टर समजतात. मीही समजत होते.

"हे दोन्ही कसं घ्यायचं गं?"

"एकदमच घे. आग लागायच्या आधीच पाणी मारून ठेवायचं," मी म्हणाले, आणि वर पाच मिनिटं आम्ल-अल्कली शिकवलं.

जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या अण्णानं माझं तेवढं ऐकलं. आधी दोन चमचे औषध, मग गोळी, वर आणखी एक चमचा. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "गोळी बनावट हाय. दुखणं थांबायला लई वेळ लागायलाय, अन् पोटात तर चूल पेटायलीय."

त्याच आठवड्यात रविवारी त्याच्या नातीचं बारसं होतं. मी लातूरला पोचले तर अण्णा दारातच चपला घालून उभा. "आधी मेडिकलवर चल. तू शिकलेली, तू असलीस की ते घाबरतील."

दुकानात तिशीच्या एक बाई होत्या. अण्णानं गोळ्यांची पट्टी समोर आपटली. "ही बनावट हाय. माझी बहीण केमिस्ट्री शिकवती, तिला इचारा." मी पदर सारखा करून गंभीर चेहरा केला.

"काका, कशी घेता ही?" बाईंनी शांतपणे विचारलं. अण्णानं चमच्यांसकट सगळं सांगितलं.

"गोळी चांगलीच आहे. हिच्यावर कवच असतं. पोटातल्या आम्लात ते टिकतं आणि आतड्यात गेल्यावर विरघळतं, म्हणजे गोळी पोटात उघडत नाही. तुम्ही औषध पिऊन आम्लच कमी करता, मग कवच पोटातच उघडतं. शिवाय असल्या औषधानं काही गोळ्या रक्तात उतरायलाही उशीर होतो. दोन्हींत दोनेक तास जाऊ द्या. आणि इतके दिवस जळजळ आहे तर आधी डॉक्टरांना दाखवा, ह्या गोळ्यांनी पोटात जखम होऊ शकते." मग त्यांनी विचारलं, "एकदम घ्यायला सांगितलं कुणी?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मी खोकल्याच्या बाटल्यांवरची नावं वाचायला लागले.

"हिनं," अण्णा म्हणाला.

"मॅडम कुठल्या कॉलेजात आहेत?"

"नांदेडला," मी म्हणाले. कॉलेजचं नाव काही सांगितलं नाही.

रस्त्यात अण्णा इतका हसला की त्याला कुणाच्या तरी स्कूटरवर टेकावं लागलं. पाळणा हलायच्या आत ही गोष्ट सगळ्या मांडवाला कळली होती. पंगतीत वहिनी माझ्या ताटाशी थबकल्या. "वन्सं, मठ्ठ्यासोबत जिलबी वाढू का, का दोन तास थांबू?"

मीही हसले, पण मनात खुटखुटत होतं. वीस वर्षं मी पोरांना हेच शिकवते, आणि माझ्याच शब्दावर माझा भाऊ तीन आठवडे पोट जाळत बसला होता. संध्याकाळी तो बसस्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हटलं, "अण्णा, चुकलंच माझं."

"हाव, चुकलंच की," तो म्हणाला. "पण तू सांगितलंस म्हणून बिनघोर खात होतो बघ."

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी गोळी बंद केली, पोटासाठी वेगळं औषध दिलं, गुडघ्याचे व्यायाम शिकवले आणि गादी सोडून खुर्चीवर बसायला सांगितलं. पंधरा दिवसांत जळजळ थांबली. जिना चढताना गुडघे अजून बोलतात. आता साधी शिंक आली तरी अण्णा त्या मेडिकलवाल्या बाईंना विचारून येतो, आणि त्या काय म्हणाल्या ते मला फोन करून शिकवतो. मी हूं हूं करत ऐकते.